नंदुरबारच्या पुढे

पासावर नाव: रत्नप्रभा हिलाल बोरसे.
अमळनेर ते नंदुरबार.
अकरा वर्षं हीच दोन गावं, मधली स्टेशनं छापत नाहीत.
बेटावदला झुलाल अप्पा चढतात,
नरडाण्याला कोणी चढत नाही पण गाडी थांबते,
दोंडाईच्यानंतर मी चष्मा पुसून पर्समध्ये ठेवते.

नंदुरबार यायच्या आधी शिंका येतात.
माघात मिरचीच्या पथाऱ्या पडलेल्या असतात,
रुळांपासून लांबवर लाल,
आणि सगळा डबा एकामागून एक शिंकतो.
झोपलेलाही शिंकतो, उठतो, पिशवी शोधतो.
मीही तशीच उतरते, नाक पुसत,
भूमी अभिलेखच्या कचेरीत दुसऱ्यांच्या हद्दी उतरवून घ्यायला.
माझ्या पाठीमागे गाडी पुढे जाते.

मंगळवारी किरकोळ रजा टाकली.
अमळनेरच्या खिडकीवर म्हटलं,
नंदुरबार ते नवापूर एक द्या, अलीकडचा पास आहे.
तो म्हणाला, नंदुरबारचं तिकीट नंदुरबारला.
गाडी तिथे किती थांबते?
पाच मिनिटं.
आणि खिडकीवर रांग?
ती वेळापत्रकात नसते, बाई. इथूनच नवापूरचं पूर्ण घ्या.
म्हणजे ज्या वाटेचे पैसे महिन्याच्या एक तारखेला भरले
त्याच वाटेचे पुन्हा?
मागच्या माणसानं खाकरलं.
मी बाजूला झाले. तत्त्व होतं माझं.

शिंका आल्या. डबा उठला.
मी पदर नाकाशी धरून बसून राहिले.
आज उतरनं नही का व बाई? अप्पा दारातून.
नंदुरबार उनं ना!
उनं, म्हटलं, ऊ द्या.
खिडकीवरची रांग मला बसल्याजागी दिसत होती,
सोळा माणसं आणि एक बकरी.
पाच मिनिटं मी माणसंच मोजली.
मग फलाट हलला,
माझा रोजचा जिना, माझा रोजचा नळ,
आणि प्रथमच मी त्यांना मागे जाताना पाहिलं.

पुढे काय असतं?
विशेष असं नाही.
पथाऱ्या संपल्या, साग लागला.
खांडबाऱ्याला बायका चढल्या, टोपल्यांत ओली हळद,
बोलणं मला निम्मं कळेना,
आणि निम्मं कळतंय हेच कळून बरं वाटलं.

चिंचपाड्याच्या अलीकडे टीसी आला. वळवी, छातीवर पाटी.
पास उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.
हा तर मागे संपला.
हो.
झोप लागली होती का?
त्यानं मला एक उत्तर हातात देऊ केलं होतं.
नाही, म्हटलं. जागी होते.
तो जरा थांबला. मग पेनाचं टोपण काढलं.
दंड अडीचशे, वर भाडं.
पूर्ण तिकिटाच्या कितीतरी पट. तत्त्व महाग पडलं.
पावतीवर त्यानं लिहिलं: नंदुरबारपासून.
अलीकडचं काही धरलं नाही. माणूस नेमका होता.

नवापूरचा फलाट दोन राज्यांत आहे.
एक बाक आहे, अर्धा इकडे, अर्धा तिकडे.
मी बसले आणि सवयीनं रेघ तपासली.
रंग उडालेला, जरा तिरकी वाटली.
साखळी असती तर मोजून दाखवली असती.
पिशवी गुजरातेत ठेवली, चहा महाराष्ट्रात प्यायले.
चहावाल्यानं सुटे पैसे परत दिले
तेव्हा त्याचा हात कोणत्या बाजूला होता, पाहायचं राहिलं.

दोनची गाडी. या वेळी तिकीट काढलं,
नवापूर ते नंदुरबार, इथल्याच खिडकीवर, रांग नव्हती.
साग संपला. ऊन तिरपं झालं.
मग शिंक आली, उलट्या बाजूनं,
आणि मी सवयीनं उठून उभी राहिले, पिशवी खांद्याला,
शेजारचा मुलगा पाय आखडून वाट देऊ लागला.
नाही, म्हटलं, मला अजून जायचंय.
बसले.
पर्समधून पास काढून वर ठेवला,
तिकीट खाली.